गाडीच्या नाकातली तुतारी

स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे कर्ण्याचं छोटंसं चित्र उमटवलेलं असतं, तिथे तळहात दाबला की त्या बटणातून किती वीज जाते? फार तर अँपिअरचा सातवा हिस्सा. मोबाइल चार्ज होत असताना त्याच्या वायरमधून याच्या दहापट प्रवाह जात असतो. आणि गाडीला बाजारातून आणलेला दोन कर्ण्यांचा एअर हॉर्न बसवलेला असेल, तर त्याच दाबासरशी बॉनेटखालचा मुठीएवढा कंप्रेसर अठरा-वीस अँपिअर ओढायला लागतो. म्हणजे सव्वाशे पटींच्या आसपास. एवढी वीज खरोखरच बटणातून नेली असती तर थोड्याच दिवसांत त्याचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडले असते. पण ती नेलीच जात नाही. बटण फक्त हुकूम सोडतं, राबणारे दुसरेच असतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आपण नावं ठेवतो. मोटारीच्या वायरिंगमध्ये मात्र हीच रीत सगळ्यांत शहाणपणाची.

ऑटो इलेक्ट्रिशियनला विचाराल तर एअर हॉर्न जोडणं हे त्याच्या लेखी किरकोळ काम. एक रिले, एक फ्यूज, चार वायरी, चहा येईपर्यंत गाडी तयार. त्याचं बरोबरच आहे. पण तळहातापासून पुढच्या माणसाच्या कानापर्यंतची ही साखळी एकेक कडी सोडवून पाहिली की लक्षात येतं, इथे प्रत्येक वस्तू कुणाला तरी कुणापासून लांब ठेवण्यासाठी बसवलेली आहे: मोठा प्रवाह लहान बटणापासून, आग वायरीपासून, विजेचा झटका नाजूक इलेक्ट्रॉनिक्सपासून.

पहिली अडचण स्टिअरिंगचीच. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-साडेतीन वेढे फिरतं. त्यावरच्या बटणाला सरळ वायर जोडली तर दोन-चार वळणांत ती पिळवटून तुटेल. जुन्या पिढीतल्या गाड्यांत यावर एक साधा तोडगा असे. स्टिअरिंगच्या मागे पितळेचं कडं, आणि स्प्रिंगने त्यावर दाबून धरलेला एक छोटा कॉन्टॅक्ट. कडं फिरतं, कॉन्टॅक्ट जागेवर राहून त्याला घासत राहतो. कडं एखाद्या ठिकाणी मळलं की गाडी सरळ असताना हॉर्न वाजे आणि नेमका वळणावर, जिथे तो हवा तिथे, गप्प बसे.

वीज एका रस्त्याने जाते आणि दुसऱ्याने परत येते. मोटारीत बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, त्यामुळे अख्खी बॉडीच परतीची वायर होते. मेकॅनिक ज्याला ‘अर्थ’ म्हणतात तो हाच. हॉर्नचं बटण बहुतेक गाड्यांत धन बाजूला नसून या अर्थच्या बाजूला असतं. दाबलं की रिलेकडून आलेली एक बारीक वायर पत्र्याला टेकते, बस्स. यात एक फायदा असा की फिरत्या चाकातून दोनांऐवजी एकच वायर न्यावी लागते. दुसरा फायदा त्याहून मोलाचा. समजा ती वायर घासली, तिचं प्लास्टिक गेलं आणि ती लोखंडी दांड्याला चिकटली. काय होईल? हॉर्न वाजत सुटेल, गल्ली जागी होईल, चारजण खिडक्या उघडून तुमचा उद्धार करतील. पण काही पेटणार नाही, कारण त्या वायरीतून जास्तीत जास्त जाणार तो अँपिअरचा सातवा हिस्साच. बटण धन बाजूला असतं तर त्याच बिघाडात बॅटरीची सगळी ताकद त्या केसाएवढ्या वायरीतून पत्र्यात ओतली गेली असती. बिघडायचंच असेल तर ओरडून बिघड, जळून नको, असा हा विचार. ज्या कुणी पहिल्यांदा केला त्याला दाद द्यायला हवी.

१९८०च्या दशकात मर्सिडीजसारख्या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आली आणि घासणाऱ्या कड्यावर विसंबणं परवडेना. धडक बसल्यावर साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगायची असते. त्या क्षणी कॉन्टॅक्ट नेमका मळलेल्या जागेवर असला तर? म्हणून मग चपटी, रिबिनीसारखी केबल आली. एका डबीत ती सैल गुंडाळलेली असते. चाक एकीकडे फिरवलं की गुंडाळी आवळते, दुसरीकडे फिरवलं की सैलावते, आणि जोड कुठेच सुटत नाही. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. हॉर्न आणि एअरबॅग, दोघांच्या तारा बहुधा याच रिबिनीतून जातात. त्यामुळे हॉर्न अचानक मुका झाला आणि त्याच सुमाराला डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही लागला, तर मेकॅनिकला आधी क्लॉक स्प्रिंग बघायला सांगा. दोन वेगळी दुखणी वाटतात, मूळ एकच.

स्टिअरिंग उघडून आत हात घालायचा मोह मात्र कुणी करू नये. तिथे स्फोटक गोळी भरलेली पिशवी छातीकडे तोंड करून बसलेली आहे. आणि गंमत अशी की ‘स्टिअरिंगच्या बटणावर एअर हॉर्न जोडायचा’ या कामात स्टिअरिंगला बोटही लावावं लागत नाही. का, ते कळायला आधी रिले नावाच्या काळ्या डबीत शिरावं लागेल.

१८३१ साली अमेरिकेत ऑल्बनीच्या एका शाळेत जोसेफ हेन्री हा शिक्षक वर्गात मैलभर तार फिरवून तिच्या दुसऱ्या टोकाची घंटा विद्युतचुंबकाने वाजवून दाखवत असे. पुढे प्रिन्स्टनला गेल्यावर, १८३५च्या सुमारास, त्याने एक पाऊल पुढे टाकलं. लांबून येणारा प्रवाह क्षीण असतो, त्याने मोठं काम होत नाही. मग त्याच्याकडून एक इवलंसं काम करून घ्यायचं: एक छोटा चुंबक जागा करायचा, आणि त्या चुंबकाने दुसऱ्या, दणकट बॅटरीचं सर्किट उघडायचं किंवा बंद करायचं. तारायंत्राला हीच युक्ती लागली. आज तुमच्या गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये तीच युक्ती इंचभर लांबीरुंदीच्या डबीत बसलेली आहे.

डबी फोडून पाहिली तर आत केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी दिसते, म्हणजे कॉइल. तिचा रोध ८५-९० ओहम. बारा व्होल्टला नव्वदने भागलं की येतो तो आपला सातवा हिस्सा. कॉइलमध्ये वीज आली की मधला लोखंडी खिळा चुंबक होतो, एक लोखंडी पट्टी खाली खेचतो, आणि दोन जाड कॉन्टॅक्ट एकमेकांवर आपटतात. ‘टक्’. वीज गेली की स्प्रिंग पट्टीला परत उचलते. त्या जाड कॉन्टॅक्टमधून ३०-४० अँपिअर आरामात जातात. लहान प्रवाह आणि मोठा प्रवाह एका डबीत शेजारी नांदतात, पण त्यांची एकमेकांशी भेट होत नाही. मध्ये असतं ते फक्त चुंबकाचं ओढणं.

डबीच्या तळाला पाय असतात आणि त्यांच्या शेजारी आकडे: ३०, ८५, ८६, ८७, आणि पाचवा पाय असेल तर ८७ए. एक, दोन, तीन असे सरळ आकडे का नाहीत? हे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले क्रमांक आहेत. मोटारीतल्या प्रत्येक जोडाला त्यात एक कायमचा आकडा दिलेला आहे. ३० म्हणजे बॅटरीची थेट धन बाजू, ३१ म्हणजे अर्थ, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी वायर, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ८७ म्हणजे रिलेतून बाहेर पडणारा माल. जर्मन भाषेचं एक अक्षर न येणारा आपल्याकडचा वायरमन ‘तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला भोंगा’ असं बिनचूक सांगतो.

आता जोडणी. गाडीच्या नाकात, ग्रिलच्या मागे, कंपनीचा मूळ हॉर्न असतो आणि त्याला एक प्लग लावलेला असतो. बटण दाबलं की या प्लगपाशी बारा व्होल्ट येतात. तशी व्यवस्था कंपनीने आधीच करून ठेवलेली आहे. म्हणजे स्टिअरिंग, क्लॉक स्प्रिंग, कंपनीचा रिले हे सगळं पार करून आलेला हुकूम इथे आयता हातात मिळतो. तो प्लग मूळ हॉर्नवरून काढायचा आणि त्यातल्या दोन तारा आपण आणलेल्या नव्या रिलेच्या ८५ आणि ८६ ला द्यायच्या. (मूळ हॉर्न एकाच तारेचा असेल तर ती ८६ ला, आणि ८५ पत्र्याला.) बॅटरीच्या धन टोकापासून एक जाड वायर फ्यूजमधून ३० ला. ८७ पासून कंप्रेसरला. कंप्रेसरचं दुसरं टोक पत्र्याला. झालं! जो प्लग तीन-चार अँपिअरचा हॉर्न चालवायला बांधला होता, त्याला आता फक्त एक कॉइल जागी करायची आहे. तळहाताच्या हुकुमावर पहिला रिले, पहिल्याच्या हुकुमावर दुसरा, दुसऱ्याच्या हुकुमावर कंप्रेसर. तारायंत्रात टप्प्याटप्प्यावर होई तेच इथे दोन हातांच्या अंतरात होतं.

वायर किती जाड घ्यायची यावर दुकानात घासाघीस होते आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. दोन मीटर वायर लागते असं धरू, कारण बॅटरी एका कोपऱ्यात आणि कंप्रेसर दुसऱ्या. उरलेली पडली होती म्हणून अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर लावली तर तिचा रोध भरतो सुमारे ०.०७ ओहम. आकडा नगण्य वाटतो. पण त्यातून २० अँपिअर नेले की वाटेतच सुमारे १.४ व्होल्ट गळतात आणि वायरीतच २७-२८ वॅट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे ते आयर्न तुम्ही वायरीच्या रूपाने बॉनेटखाली पसरून ठेवलं. अडीच एमएमची वायर घेतली तर हीच गळती पाव व्होल्टवर आणि उष्णता साडेपाच वॅटवर येते, तीही हॉर्न वाजेपुरती. दोन वायरींच्या किमतीत फरक एका वडापावाचा. ‘हॉर्न आणला भारी, पण आवाज बसलेला येतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच गळती असते. दुसरं कारण पत्र्यावरचा रंग. रंग विजेला अडवतो. अर्थचा स्क्रू जिथे आवळायचा तिथला रंग पॉलिश पेपरने घासून खालचं चकचकीत लोखंड उघडं केलं नाही, तर सगळी मेहनत त्या नखभर रंगाशी येऊन अडते.

फ्यूजबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तो हॉर्न वाचवायला असतो असं लोकांना वाटतं. तो वायर वाचवतो. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर सहज देते. पत्र्याला टेकलेल्या उघड्या वायरीतही ती तेवढ्याच उदारपणे ओतेल. म्हणून फ्यूज कंप्रेसरशेजारी बसवून उपयोग नाही. तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम बेवारस असतो. तिथे वायर घासली तर सोडवायला कुणी नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी मला या सगळ्यात फार आवडते. कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि कोसळताना ते प्रवाह चालू ठेवण्याचा हट्ट धरतं. क्षणभर त्या बारा व्होल्टच्या सर्किटमध्ये शंभर, दोनशे व्होल्टचा झटका उमटतो. जुन्या गाडीत त्याने बटणापाशी ठिणगी पडायची, एवढंच. आजच्या पुष्कळ गाड्यांत मात्र बटणाची वायर थेट रिलेला जात नाही. ती एका कंप्युटरला जाते, तो ‘हॉर्न’ असा संदेश तयार करतो, आणि दोन तारांच्या जाळ्यातून तो दुसऱ्या कंप्युटरला पोहोचतो. हे कॅन नावाचं जाळं जर्मनीच्या बॉशने १९८६ साली जगापुढे मांडलं. ५०० किलोबिट वेगाच्या जाळ्यात असा एक संदेश पाव मिलिसेकंदात जातो. एवढ्या नाजूक यंत्रणेच्या टोकाला तुम्ही कॉइल लावता आणि ती दर वेळी उलटी लाथ मारते. तोडगा दोन रुपयांचा: कॉइलच्या दोन टोकांमध्ये एक डायोड. झटका त्यातल्या त्यात फिरून विरून जातो. आत डायोड किंवा रेझिस्टर बसवलेले रिलेही मिळतात. डायोडवाला घेतला तर ८६ ला धन आणि ८५ ला ऋण, ही दिशा सांभाळायची. उलटं जोडलं तर डायोड सरळ शॉर्ट होतो.

इथपर्यंत वीज होती. यापुढे श्वास. कंप्रेसरमधलं चक्र गरगर फिरून हवा दाबतं आणि ती नळीतून कर्ण्याच्या मुळाशी येते. तिथे एक पातळ पडदा एका तोटीच्या काठावर घट्ट टेकलेला असतो. हवेचा दाब वाढतो, पडदा उचलला जातो, हवा निसटते, दाब पडतो, पडदा परत काठावर आपटतो. पुन्हा दाब, पुन्हा सुटका. सेकंदाला तीनशे-चारशे वेळा किंवा जास्तच. कुणी ताल धरून देत नाही. एकसारखी येणारी हवा पडदा स्वतःच कापून तिचे तुकडे करतो. तुतारीवाल्याचे ओठ नेमकं हेच करतात, आणि तुतारीसारखंच इथेही स्वर ठरतो तो पुढच्या नळीच्या लांबीने. लांब कर्णा खर्जात, आखूड वरच्या पट्टीत. म्हणून किटमध्ये दोन कर्णे कधी सारख्या लांबीचे नसतात. दोन जवळचे पण वेगळे स्वर एकदम वाजले की मिळून एक खरखरीत, दुर्लक्ष करता न येणारा आवाज होतो, आणि वाऱ्याच्या किंवा इंजिनाच्या आवाजात एक स्वर बुडाला तरी दुसरा वर राहतो.

कर्ण्याचा पुढे पसरत जाणारा आकार शोभेचा नाही. इवल्या पडद्याने उघड्या हवेत धडका मारल्या तर हवा बाजूला सरकते आणि आवाज जवळजवळ तयारच होत नाही. अरुंद नळीत हवेला सरकायला जागा नसते, तिथे पडद्याचा जोर तिच्यात पुरता उतरतो. मग नळी हळूहळू रुंदावत त्या जोराला बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत पोहोचवून देते.

ही कल्पना मोटारीइतकीच जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर याने ‘गॅब्रिएल हॉर्न’ काढला होता. तो इंजिनाच्या धुरावर वाजे, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा वायूच कर्ण्यात वळवलेला. त्याच सुमारास न्यू जर्सीत क्लॅक्सन आला. त्यात विजेची मोटर एक दातेरी चाक फिरवी आणि दाते पडद्याच्या मधल्या खिळ्यावरून खडखडत जात. जुन्या चित्रपटांतला तो ‘आऊऽगा’ आवाज त्याचा. त्याचा जनक मिलर रीझ हचिसन. याच गृहस्थाने त्याआधी बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं. दोन्ही बाजूंनी धंदा म्हणायचा!

गाणारे हॉर्न हा याचाच एक फाटा. त्यात पाच कर्णे असतात आणि कंप्रेसरवर एक फिरती तबकडी. तबकडीची भोकं ठरल्या क्रमाने एकेका कर्ण्यासमोर येतात आणि धून वाजते. अमेरिकेत १९७९ ते १९८५ चाललेल्या ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या मालिकेतल्या नारिंगी डॉज चार्जरने हे खूळ घरोघर पोहोचवलं. आपल्या ट्रकवाल्यांचा प्रेशर हॉर्न मात्र वेगळा. त्याला कंप्रेसर लागत नाही. ट्रकच्या एअर ब्रेकच्या टाकीत वातावरणाच्या सात-आठ पट दाबाची हवा तयारच असते, एक व्हॉल्व्ह उघडला की पुरे. तो तत्क्षणी वाजतो. कारचा कंप्रेसर तसा नाही. मोटर वेगात यायला सेकंदाचा काही भाग जातो. रिले काही मिलिसेकंदांत आटपतो, संदेश पाव मिलिसेकंदात. रेंगाळते ती मोटर. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, तेव्हा पाव सेकंद म्हणजे साडेपाच मीटर. म्हणून मूळ हॉर्न काढून फेकणं मला मुळीच पटत नाही. कंपनीचा विजेवरचा हॉर्न दाबल्याबरोबर बोलतो. एअर हॉर्न लावायचाच तर त्याच्या जोडीला लावावा, म्हणजे वर काढलेल्या प्लगची वीज मूळ हॉर्नलाही मिळत राहील असं बघावं.

आणि आवाज किती? खोक्यावर १३९ डेसिबल असं ठळक छापलेलं किट मिळतं. बारीक अक्षरं वाचली तर मोजमाप दहा सेंटीमीटरवरून घेतलेलं असतं. कर्ण्याला कान लावून उभं राहायचं आहे कुणाला? अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, असा ढोबळ नियम आहे. दहा सेंटीमीटरचे दोन मीटर केले की २६ डेसिबल वजा, राहिले ११३. सात मीटरवर १०२. कर्ण्याच्या अगदी तोंडाशी हा नियम काटेकोर चालत नाही, पण अंदाज चुकत नाही. आता गंमत पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या २८ क्रमांकाच्या नियमानुसार कारचा साधा हॉर्न दोन मीटरवर १०५ ते ११८ डेसिबलमध्ये बसावा लागतो. म्हणजे १३९ वाला पैलवान आखाड्यात उतरल्यावर नेहमीच्याच वजनाचा निघाला!

मग एअर हॉर्नने माणूस का दचकतो? उत्तर आपल्या कानात आहे. कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. एवढ्या नळीचा स्वतःचा स्वर येतो सेकंदाला ३,४०० कंपनांच्या आसपास, आणि तिथले आवाज ती स्वतःच फुगवून आत देते. हॉर्नचा मूळ स्वर चारशेचा असला तरी आपटणाऱ्या पडद्यामुळे त्यात वरचे स्वर ठासून भरलेले असतात, दोन-तीन हजारांपर्यंत. वरचा नियमही १,८०० ते ३,५५० या पट्ट्यात पुरेसा जोर असलाच पाहिजे असं सांगतो. थोडक्यात, एक कर्णा गाडीच्या नाकात आणि दुसरा आपल्या डोक्यात, आणि दोघांचं सूत जमवलेलं. २०२१ साली नाशिकमध्ये तेव्हाचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हॉर्नला बासरी, तबला, हार्मोनियम अशा वाद्यांचे आवाज असावेत असा विचार मांडला होता. कल्पना सुखद आहे, पण बासरी कानाला गोड लागते ती याच वरच्या स्वरांची गर्दी नसल्यामुळे. बसच्या गोंगाटात ती ऐकू कशी जायची?

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम एकामागून एक वेगळे स्वर काढणारा हॉर्न आणि अवाजवी कर्कश, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारं कोणतंही साधन लावायला मनाई करतो. गाणारा हॉर्न तर सरळच बाद. प्रेशर हॉर्नही त्यातच अडकतो. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतालचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र, आणि वस्तीत रात्री १० ते सकाळी ६, इथे साधा हॉर्नही चालत नाही. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४-एफ कलमाखाली पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. पॅरिसने तर १९५४ मध्येच शहरात हॉर्नवर बंदी घातली होती. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये काही सिग्नलना आवाजमापक जोडून दाखवला: ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. वाजवा आणि थांबा. ती कल्पना काही सिग्नलांवरच का राहिली, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

तेव्हा माझा निकाल असा. कारला ट्रकचा आवाज देण्याच्या भानगडीत पडू नका. कंपनीचा हॉर्न खरंच पिचका असेल तर रूट्स किंवा मिंडाची विंडटोन जोडी घ्या. तिच्यात पडदा विजेने हलतो आणि कर्णा गोगलगायीसारखा गुंडाळलेला असतो, त्यामुळे कंप्रेसर नको, नळी नको, उशीर नको, आणि मानकाचा शिक्का बघून घेतली की नियमाचा प्रश्न नको. जोडणी मात्र हीच करायची: मूळ प्लगवरून हुकूम, वेगळा रिले, बॅटरीवरून थेट जाड वायर, घासलेल्या पत्र्यावर अर्थ. मूळ वायर कापू नका, प्लगमध्ये बसणारं तयार हार्नेस मिळतं. आणि दुकानदाराने विचारलं नाही तरी फ्यूज मागून घ्या, बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा.